थोरलीची सही

४ मार्च

ती पुस्तिका छापायच्या आधी एकदा मला दाखवली असतीस तर तुझं काय झिजलं असतं? पाच प्रती पाठवल्यास, वर चिठ्ठी: 'आजी, सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखव. त्यांचंच बोलणं आहे, त्यांच्याकडे परत जायला हवं.' गेलं परत. असं गेलं की एका घराच्या दोन शेगड्या झाल्या आणि दोन्हीकडची दारं मला बंद.

पोरी, आशीर्वाद. फोन करणार नव्हतेच. फोनवर मी जरा आवाज चढवला की तू 'आजी, आवाज तुटतोय' म्हणून पळतेस. कागदाचा आवाज तुटत नाही. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मला तुझ्या संशोधनात घेतलं नाहीस. 'तू घरची, तुझं बोलणं धरता येत नाही,' म्हणालीस. घरचीचं बोलणं धरता येत नाही, पण घरचीच्या मैत्रिणी धरून आणता येतात, आणि वाचून दाखवायलाही घरचीच लागते.

रविवारी दुपारी मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून पाचही जणींना बसवलं. सगळ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीतल्या, माझ्याबरोबर तीस-तीस वर्षं उकळत्या पाण्यात हात घातलेल्या. थोरली आणि धाकटी, त्या दोघी जावा, नेहमीसारख्या एका बाकावर. चहा झाला. पहिली दहा पानं बरी गेली. कंबर, गुडघे, हाताची निघालेली सालं. 'हे मीच बोलले होते गं,' म्हणून एकेक जण फुशारत होती.

माझं वाचन तुला माहीत आहे. दोन यत्ता शिकलेली बाई मी. एकेक अक्षर धरून पुढे सरकते. शब्द पुरा झाला की शब्द कळतो, आणि ओळीचा अर्थ ओळ संपल्यावर बऱ्याच वेळाने येतो. अकराव्या पानावर आले. 'रो-ल-रचं ब-टण मीच दा-बलं.' मी पुढची अक्षरं लावण्यात गुंतलेली. 'मा-झ्या जा-वेचा हात आत हो-ता.' वर बघितलं तर कोणी हलत नव्हतं. ऐकणाऱ्यांना कळलं होतं, वाचणारीला नाही. आणि मी मूर्खासारखी पुढची ओळही वाचली, 'चौकशीत मी सांगितलं, मशीन आपोआप सुरू झालं.'

एकतीस वर्षं झाली, चादरींच्या इस्त्रीच्या त्या रोलरमध्ये धाकटीचा हात सापडला त्याला. तेव्हापासून धाकटीच्या उजव्या हाताची चार बोटं ओल्या चादरीसारखी एकमेकींना चिकटलेली आहेत. तेव्हापासून तिचा कांदा थोरली चिरते, तिची वेणी थोरली घालते. आणि तेव्हापासून धाकटी रोलरची दुरुस्ती बघणाऱ्या त्या मशीनवाल्याला शिव्या घालते, ज्याला चौकशीनंतर कामावरून काढलं. तो मेला त्यालाही आठ वर्षं झाली. ही त्याच्या मयतीला गेली नाही.

थोरली बाकाच्या टोकाला सरकली, जशी काही धाकटीला जागा करून द्यायची आहे. धाकटीने एवढंच विचारलं, "म्हणजे त्याचं काहीच चुकलं नव्हतं?"

धाकटी उठून आत गेली. मग थोरलीने माझ्याकडे असं बघितलं, जसं ते बटण मीच दाबलंय.

ते बोलणं पुस्तिकेतून काढ. तुझ्या त्या मोठ्या ग्रंथातूनही काढ. कसं काढलंस ते लिहून कळव.

आजी


१० मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र डिपार्टमेंटच्या पत्त्यावर आलं. तिथेच जिन्यात बसून वाचलं. फार वाईट वाटतंय. थोरल्या आजींना असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, ते मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

पण माझीही बाजू ऐक. मी हलगर्जीपणा केलेला नाही. माणसांना प्रश्न विचारून संशोधन करायचं तर आधी आमच्या विद्यापीठाची नीती समिती सगळं तपासते. कोणाला काय विचारणार, बोलणं कुठे ठेवणार, कोणाला त्रास झाला तर काय करणार. एकोणीस पानांचा अर्ज भरला होता मी. पुस्तिकेत कोणाचं नाव नाही, गल्लीचं नाही, दवाखान्याचं नाही. थोरल्या आजी फक्त 'सहभागी ४' आहेत. त्यांच्या संमतीच्या फॉर्मवर सही आहे. 'माझे शब्द जसेच्या तसे छापण्यास हरकत नाही' या चौकटीत बरोबरची खूण आहे. आणि बोलणं मागे घ्यायचं असेल तर ३१ जानेवारीपर्यंत कळवा, असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ती तारीख गेली.

प्रबंध एप्रिलच्या मध्याला द्यायचा आहे. पाच ठिकाणच्या पंचवीस बायका, माझी चार वर्षं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, अकरावं पान हाच सगळ्याचा गाभा आहे. नोकरी जाण्याच्या भीतीने अपघात कसे दडपले जातात, हे इतकं उघड दुसऱ्या कोणीही बोललेलं नाही. ते काढलं तर प्रकरण उभंच राहत नाही.

तरी मी प्रयत्न करीन. तू एकदा थोरल्या आजींना शांतपणे विचारशील का, नुसते तपशील बदलले तर चालेल का? 'जाऊ' काढून 'सहकारी' लिहिलं तर? तुझं त्या ऐकतात.

तुझी नात


१६ मार्च

'सहकारी' म्हणे. धाकटीला ऐकवू का हे? एकाच ताटात जेवलेली सहकारी!

नाव काढलंस आणि नातं ठेवलंस. अगं, आम्हाला नावाने हाक मारतं कोण? थोरलीचं नाव आठवायला मला डोकं खाजवावं लागेल. थोरली म्हटलं की थोरली. लॉन्ड्रीतल्या जावा म्हटलं की त्या दोघी, दुसरी जोडीच नव्हती. तू डोक्यावर टोपी घातलीस आणि तोंड उघडं ठेवलंस, वर म्हणतेस झाकलंय. आणि आता शब्द बदलून काय उपयोग? अंगणात बसलेल्यांचे कान काढून भट्टीत घालू?

तुझ्या मॅडमना सांग, गाभा फळाला असतो. बाईच्या पोटात असतं ते तिचं असतं.

गेले होते विचारायला. थोरलीने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "कोणी पाठवलंय, नातीने?"

म्हटलं, "मी माझी आलेय."

"तू तुझी कधी येतेस?" म्हणाली. मी त्या दाराशी पाऊण तास उभी होते, पाय सुजले.

धाकटीने मधल्या खोलीत कपाट आडवं लावून आपली शेगडी वेगळी केली आहे. स्वतः कांदा चिरते. सुरी डाव्या हातात, कांदा उजव्याने दाबून धरायचा, आणि तो हात काही धरत नाही. कांदा पळतो. सुरी थांबते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. मला जिन्यात ऐकू येतं, तर कपाटाच्या पलीकडे थोरलीला काय ऐकू येत असेल. पण थोरली मदतीला गेली की धाकटी म्हणते, "राहू दे. पुढच्या चौकशीत सांगायला कामाला येईल."

'तुझं त्या ऐकतात,' असं लिहिलंस. ऐकत होत्या, तीच तर भानगड आहे.

आणि सही आहे, खूण आहे, हे मला नको सांगूस. सह्या नीट बघितल्यास का कधी? शिकलेली माणसं सही आहे का एवढं बघतात, कोणाची आहे ते बघत नाहीत. मी आपलं बोलले.

ते पान काढ. मुदत गेली म्हणतेस, ती कोणाच्या घरून गेली ते बघ आणि परत बोलाव.

आजी


२४ मार्च

प्रिय आजी,

'मी आपलं बोलले' असं तू म्हणालीस की तू आपलं कधीच बोललेली नसतेस. तुझी ती ओळ चार दिवस डोक्यात होती. काल कपाटाचं कुलूप काढून फॉर्म बाहेर काढले.

बाकी चौघींच्या सह्या चार तऱ्हेच्या आहेत. थोरल्या आजींच्या सहीतलं पहिलंच अक्षर खालून वर काढलेलं आहे. असं अक्षर काढणारी एकच बाई मला माहीत आहे. तिची पत्रं माझ्या टेबलावर आहेत, मी शेजारी ठेवून बघितलं. बरोबरची खूणही तशीच, शेपूट आत वळवलेली. आजी, ती सही तू केलीस का? हो की नाही, एवढंच लिही.

मी चिडले आहे, लपवत नाही. पण तुझ्यावर चिडून झाल्यावर मी कानाला लावून थोरल्या आजींचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, पहिल्यापासून. बटणाची गोष्ट सांगून झाल्यावर खुर्ची वाजते. मग म्हणतात, "हे आपलं दोघींतलं हं." आणि कोणीतरी पटकन म्हणतं, "हो हो, आजी." तो आवाज माझा आहे.

लिहून काढताना मी ती दोन वाक्यं गाळली. बाजूला टीप आहे माझ्याच अक्षरात, 'विषयाशी संबंध नाही.' मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं का, आता सांगता येत नाही. इतकी मोठी गोष्ट हाती लागली म्हणून मी इतकी खूश होते की पुढचं ऐकलंच नाही.

आणखी एक. समितीच्या अर्जात मीच लिहिलंय की संशोधक प्रत्येकीला फॉर्म स्वतः समजावून सांगेल. मी काय केलं? संध्याकाळची बस होती म्हणून कागद तुझ्या हातात कोंबले. 'आजी, तेवढं वाचून सह्या घेऊन ठेव.' पुढच्या वेळी आले तर पाचही तयार. मी तुला मिठी मारली होती, आठवतं?

उत्तर लवकर दे. सही तुझी असेल तर मला समितीला सांगावं लागेल. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

तुझी नात


२ एप्रिल

हो.

केली मी. पत्राला उशीर झाला तो आजारपणाने नाही. तीन कागद फाडले.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी पाचही जणींना माझ्या खोलीत बसवलं. तुझा तो चार पानी फॉर्म. पहिल्या पानावरच माझा जीव मेटाकुटीला आला. 'सहभाग ऐच्छिक', 'गोपनीयता', एकेका शब्दाला दोन दोन वेळा अडखळले. कोणीतरी म्हणालं, "अगं, थोडक्यात सांग." मी थोडक्यात सांगितलं, "माझी नात आहे, फसवणार आहे का? करा सह्या." चौघींनी केल्या. मी विचारलं नाही, मी सांगितलं. विचारणं आणि सांगणं यातला फरक मला तेव्हा कळत नव्हता असं नाही. माझ्या घरात त्याची सवय नाही एवढंच.

थोरली मात्र अडली. शेवटच्या पानावर खाली दोन रेघा होत्या. एक सहभागीची, एक साक्षीदाराची. 'साक्षीदार' हा शब्द मी मोठ्याने वाचला आणि तिने पेन खाली ठेवलं. "कसली साक्ष?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझी नाही, माझी. तू सही केलीस हे मी बघितलं, एवढीच." तिला पटेना. "मी एकदा साक्ष दिलीय, तेवढी पुरे. पोरगी येऊ दे, गप्पा मारीन वाटेल तेवढ्या. सही नाही करायची."

मला काय ठाऊक ती कुठल्या साक्षीबद्दल बोलतेय! मला वाटलं, हट्टाला पेटली. तू पाच म्हणाली होतीस. चार कागद तुझ्या हातात कसे ठेवू, माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, असलं डोक्यात. त्या गेल्यावर दोन्ही रेघांवर मीच लिहिलं. वरच्या रेघेवर तिचं, खालच्या रेघेवर माझं. तिच्या वतीने मी बोलले आणि मीच ते बघितलं म्हणून लिहून दिलं.

परवा तिच्या दाराशी गेले आणि हे सगळं दारालाच सांगितलं, कारण तिने उघडलं नाही. मधेच दार उघडलं. म्हणाली, "मला वाटलं, सही नाही म्हणजे ते धरत नाहीत. म्हणून तर बोलले. सही केली असती तर तोंडातून चकार शब्द काढला नसता."

समजलं का तुला? सही नव्हती म्हणूनच ती खरं बोलली. आणि तुझा गाभा तोच.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "तुझं चुकलं ते तुझ्याजवळ ठेव. माझं मला पुरे आहे." आणि दार लावलं. पन्नास वर्षांत तिने मला जिन्यावरून चहा न देता परत पाठवलं नव्हतं.

समितीला सांग. माझं वय, माझं शिक्षण, असली पदरची कारणं जोडू नकोस. सही करता येण्याइतकी शिकलेली होते.

आजी


१८ एप्रिल

प्रिय आजी,

सांगितलं. मॅडमना आधी, मग समितीला लेखी. तुझ्या सहीचंही आणि मी गाळलेल्या दोन वाक्यांचंही.

प्रबंध थांबवला आहे. तुझ्याकडून आलेले पाचही फॉर्म संशयात, म्हणजे ते अख्खं प्रकरण गेलं. निदान एक वर्ष लागेल असं म्हणतात. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते, पुढचं माहीत नाही. खोलीत बसून राहते. मैत्रिणी म्हणतात, 'तू कशाला सांगायला गेलीस?' त्यांना काय उत्तर देऊ?

मॅडमनी एक मार्ग सुचवला होता. थोरल्या आजींकडून आता नव्याने संमती घ्यायची, म्हणजे सगळंच वाचेल. 'आता तर सगळ्यांना कळलेलंच आहे, लपवायचं काय उरलंय?' असं म्हणाल्या. मी नाही म्हटलं. मॅडमना मी पहिल्यांदाच नाही म्हणाले.

पण समितीचं एक अडलं आहे. थोरल्या आजींचं रेकॉर्डिंग आणि लिखाण पुसून टाकायचं तर त्यांनी स्वतः तसं लेखी द्यायला हवं. संमती खोटी होती हे समितीला मान्य आहे. तरी एकदा जमा झालेली माहिती सहभागीच्या अर्जाशिवाय नष्ट करता येत नाही, असा नियम आहे. सोबत माघारीचा अर्ज पाठवते आहे. एकच पान आहे. १० मेच्या आत परत यायला हवा. खाली छापलंय ते वाच: 'मुदतीत अर्ज न आल्यास सहभागीची हरकत नाही असे समजण्यात येईल.'

मी खूप भांडले. काही उपयोग झाला नाही. हे एवढं एकदा कर, आजी. फक्त त्यांच्यापर्यंत पोचव. जबरदस्ती करू नकोस.

तुझी नात


२७ एप्रिल

कागद कोराच परत पाठवतेय, पाकिटात बघ.

खोटं कशाला बोलू, पेन हातात घेतलं होतं. तिला विचारायला गेले तर ती म्हणाली, "मी कसल्याही कागदावर सही करणार नाही. हे मी ऑक्टोबरात सांगितलं होतं. अजून कितीदा?" बरोबरच आहे तिचं. घरी आले, टेबलावर तो कागद. तेच खालून वर काढायचं अक्षर. एका मिनिटाचं काम, आणि तिचं बोलणं कायमचं पुसलं जाणार. या वेळी तर तिच्याच भल्याचं. मग आठवलं, मागच्या वेळीही मी कोणाचं तरी भलंच करत होते. पेन डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

आता तुझ्या समितीला माझा एक प्रश्न विचार. दुकानातून न आणलेली साडी दुकानात परत कशी करायची? जिने दिलंच नाही, तिने ते मागे घेतलं म्हणून अर्ज कसा करायचा? अर्ज केला की आधी दिलं होतं असं होतं. एवढं दोन यत्तांच्या बाईला कळतं.

आणि ते खालचं वाक्य. 'हरकत नाही असे समजण्यात येईल.' मी तेच समजले होते, पोरी. थोरली गप्पा मारायला तयार होती, तेव्हा मी समजले की सहीलाही हरकत नाही, आणि सही ठोकली. मी समजले तर तो खोटेपणा, आणि त्यांनी समजलं तर नियम? मला शिक्षा द्यायची तर खुशाल द्या, पण मग ते वाक्य ज्याने लिहिलं त्याला माझ्या शेजारी उभा करा.

इथलं सांगते. परवा थोरली स्वतः चालत मशीनवाल्याच्या बायकोकडे गेली. कोणी सांगितलं नव्हतं. बाईने तिला आत घेतलं नाही. हिने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, बटण, चौकशी, सगळं. बाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता कशाला?" थोरली परत आली. मला हे धाकटीने सांगितलं. ती जिन्यातून मागोमाग गेली होती, कोपऱ्यावर उभी राहून बघत होती. म्हणून तिचं मन वळलं असं समजू नकोस. कपाट अजून आडवंच आहे, वेणीही शेजारणीकडून घालून घेते. पण तोंडाने ती एवढं म्हणाली, "हे तरी तिने तिच्या तोंडाने सांगितलं."

तुझं वर्ष गेलं. वाईट वाटलं मला, पण रडत बसू नकोस, लॉन्ड्रीत अख्ख्या पाळीच्या चादरी डाग पडून पुन्हा धुवाव्या लागल्या तेव्हा आम्हीही रडलो नाही. मैत्रिणींना उत्तर द्यायचं कारण नाही. उरलेल्या चौघींचे फॉर्म घेऊन ये. एकेकीच्या घरी जा, स्वतः वाच, आणि 'नाही' म्हणायला तिला वेळ दे. मी त्या खोलीत नसेन. मी असले की त्या हो म्हणतात.

थोरलीकडे मात्र जायचं नाही. तिला कागद पाठवायचा नाही, माझ्या हाती नाही, टपालाने नाही. तिने जे उत्तर द्यायचं ते ऑक्टोबरात दिलं.

तेव्हा हे पत्र जसंच्या तसं समितीपुढे ठेव, शुद्धलेखन सुधारू नकोस. दहा मेच्या आत उत्तर हवं. ते तू द्यायचं नाहीस, तुझ्या मॅडमनी नाही, कुठल्या कारकुनाने 'आदेशावरून' नाही. समितीचे जे कोणी अध्यक्ष असतील त्यांनी द्यायचं, स्वतःच्या हाताने लिहून, स्वतःच्या नावाची सही करून. आणि तोवर ते गप्प बसले, तर त्यांची हरकत नाही असं आम्ही समजू, आणि ती टेप तू पुसून टाकायचीस.

आजी